मद्यधुंद चालकाची खबर देणे : परदापोशी कोठे संपते?



गेल्या वर्षी एका रात्री इशाच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक नमाजी माझ्यापाशी थांबले. मशीद रिकामी होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. नंतर हळू आवाजात म्हणाले, "मौलाना, आपल्याच जमातीतला एक मुलगा वडापची जीप चालवतो. सकाळी त्याच गाडीतून शाळेची मुले जातात. त्याच्या तोंडाला दारूचा वास येतो. दोनदा मी स्वतः घेतला. पोलिसांना कळवू का? की हे मुसलमानाचे ऐब उघडे करणे होईल?"

मी लगेच उत्तर दिले. आज वाटते, जरा जास्तच लगेच दिले. मी त्यांना हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांची रिवायत ऐकवली. हजरत उकबा (रजि.) एके काळी मिसरचे अमीर होते. दुखैन नावाचे त्यांचे एक लेखनिक होते. या लेखनिकाचे शेजारी शराब पीत असत. समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा दुखैन यांनी आपल्या धन्याला सांगितले की, आता मी शुरता, म्हणजे पोलीस, बोलावतो. हजरत उकबा (रजि.) यांनी त्यांना रोखले, नसीहत करा, धाक घाला, पण हे करू नका, असे सांगितले. मग त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा इर्शाद ऐकवला. जो कोणी दुसऱ्याचे ऐब झाकतो, त्याने जणू जिवंत पुरलेल्या मुलीला कबरीतून वर काढून जीवदान दिले, असा त्याचा आशय आहे. ही रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आहे.

प्रश्न दारूचा, शेजाऱ्याचा आणि पोलिसांचाच होता. यापेक्षा नेमके उत्तर कोणते असणार, असे मला वाटले. ते गृहस्थ सलाम करून निघून गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले आणि एकच वाक्य बोलले: "मौलाना, ते शेजारी घरात पीत होते. हा गाडी चालवतो."

मी निरुत्तर झालो. हा लेख त्या वाक्याचे देणे आहे.

घरी जाऊन मी तीच किताब पुन्हा उघडली. हजरत उकबा (रजि.) यांची रिवायत परदापोशीच्या बाबमध्ये, म्हणजे मुसलमानाचे दोष झाकण्याच्या प्रकरणात आहे. तिच्या अगदी आधीचे प्रकरण 'तजस्सुस'च्या, म्हणजे दुसऱ्यांच्या गोष्टींची टोह घेण्याच्या मनाईचे आहे. त्या प्रकरणाच्या शेवटी हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची एक छोटीशी रिवायत येते. लोकांनी एका माणसाविषयी त्यांना सांगितले की, याच्या दाढीतून शराब ठिबकते आहे. त्यांनी उत्तर दिले, आम्हाला टोह घेण्याची मनाई झालेली आहे. मात्र एखादी गोष्ट आमच्यासमोर उघड झाली, तर आम्ही तिची दखल घेऊ. दोन्ही रिवायती एकमेकींना लागून आहेत. मी एकीवर बोट ठेवले आणि मागचे पान उलटले नाही. मदरशात आमचे उस्ताद सांगत असत की, एका हदीसवर उत्तर देणारा माणूस एका पायावर उभा असतो. ते तेव्हा केवळ परीक्षेपुरते लक्षात ठेवले होते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ या. सूरह अल-हुजुरातच्या १२व्या आयतीत तीन गोष्टींची मनाई एका ओळीत आली आहे : फाजील संशय, टोह घेणे आणि पाठीमागे निंदा. तिच्या थोडे आधी, ६व्या आयतीत, कोणी फासिक खबर घेऊन आला तर तहकीक करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. म्हणूनच कोणाच्या घराच्या खिडकीशी कान लावणे, कोणाच्या गाडीच्या डिकीत बाटली आहे का हे चोरून पाहणे, कोण कोणत्या हॉटेलातून बाहेर पडतो याची पाळत ठेवणे हे सर्व नाजायज आहे. त्यात मला तिळमात्र शंका नाही.

परंतु रस्ता हे कोणाचे घर नव्हे. इमाम गजाली (रह.) यांनी 'इहया उलूमिद्दीन'मध्ये हिस्बाच्या, म्हणजे वाईट रोखण्याच्या अटी सांगताना हीच रेषा आखली आहे. वाईट कृत्य टोह न घेता उघड दिसणारे असावे, अशी अट त्यांनी घातली. बंद दाराआड काय चालले आहे ते शोधायचे नाही. मात्र जे स्वतःहून दाराबाहेर आले, ते उघडच मानायचे. इमाम मावर्दी (रह.) यांनी 'अल-अहकामुस्सुलतानिया'मध्ये याहून पुढची गोष्ट लिहिली आहे. एखाद्याच्या जिवावर बेतण्याची भीती असेल, नंतर भरून न येणारी हानी होणार असेल आणि खबर विश्वासू माणसाची असेल, तर तेथे मुहतसिबाने शोध घेणेही जायज ठरते. गेलेला जीव परत येत नाही, एवढे साधे कारण त्यामागे आहे. (कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मसलकाचे आहेत. हे दोन्ही इमाम शाफईच होते, हे जाता जाता नमूद करतो.)

सर्वांत स्पष्ट लिहिले आहे ते इमाम नववी (रह.) यांनी, सहीह मुस्लिमच्या शरहमध्ये. जो मुसलमानाचे दोष झाकतो त्याचे दोष अल्लाह झाकील, या हदीसवर ते लिहितात की, ही परदापोशी ज्यांची वागणूक चांगली म्हणून ओळखली जाते, उपद्रव आणि फसाद ज्यांची सवय नाही, अशांसाठी आहे. शिवाय ती घडून गेलेल्या गुन्ह्यासाठी आहे. डोळ्यांसमोर जे अद्याप चालू आहे, ते सामर्थ्य असेल तर तेथल्या तेथे रोखणे बंधनकारक आहे. स्वतःला रोखता येत नसेल आणि त्यातून आणखी मोठी हानी होणार नसेल, तर ते अधिकाऱ्यांच्या कानावर घालणे आवश्यक आहे. वाचकहो, हा भेद नीट लक्षात घ्या. काल रात्री पिऊन आज पस्तावलेल्या माणसावर पांघरूण घालणे हा सवाब आहे. आत्ता चावी फिरवणाऱ्यावर पांघरूण घातले, तर तेच पांघरूण समोरून येणाऱ्या एखाद्याचे कफन होईल.

शरियतने शस्त्राविषयी किती सावधगिरी शिकवली ते पाहा. सहीह बुखारी आणि मुस्लिममध्ये हजरत अबू मूसा (रजि.) यांची रिवायत आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोके हाताने धरून ठेवावीत, म्हणजे कोणाला ओरखडा निघणार नाही. हा हुकूम पूर्ण शुद्धीवर असलेल्या, कोणाचे वाईट न चिंतणाऱ्या माणसाला आहे, आणि भीती आहे ती केवळ ओरखड्याची. येथे तर टनभर लोखंड वेगाने धावते आहे आणि चालवणारा शुद्धीवर नाही.

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये काय घडले ते आपण सर्वांनी वाचले आहे. दारूच्या नशेत गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या आलिशान मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या घटनेवर खूप लिहिले गेले. माझ्या मनात मात्र एवढेच येते की, दारू पिणारा कधी पूर्णपणे एकटा नसतो. त्याला पिताना कोणी पाहिलेले असते, कोणी त्याच्या शेजारी बसलेले असते, कोणी त्याला हात हलवून निरोप दिलेला असतो.

सहीह बुखारीत हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी सांगितलेला जहाजाचा दृष्टांत आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. खालच्या मजल्यावरचे लोक म्हणतात, आम्ही आमच्या हिश्श्यात भोक पाडतो, वरच्यांना त्रास नको. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारेच बुडतील. त्यांचे हात धरले तर सारेच वाचतील. 'गाडी माझी, पैसा माझा, शरीर माझे' हे शब्द त्याच खालच्या मजल्यावरचे आहेत.

आता त्या गृहस्थांची दुसरी शंका पाहू. संशय चुकीचा निघाला तर? वास औषधाचा असला तर?

ही शंका खोटी नाही. मधुमेही माणसाची साखर एकदम खाली गेली तर त्याची जीभ अडखळते, पाय डगमगतात आणि पाहणाऱ्याला तो प्यालेला वाटतो. म्हणून खबर देणाऱ्याने निकाल देऊ नये. पाहिले तेवढेच सांगावे. 'अमुक माणूस दारुडा आहे' असे म्हणणे हा निकाल झाला. 'या क्रमांकाची जीप या रस्त्याने डोलत चालली आहे, चालकाच्या तोंडाला वास येत होता' असे सांगणे ही साक्ष झाली. पहिल्यात बदनामी आहे, दुसऱ्यात तहकीकची विनंती आहे. तो आजारी असला, तर रस्त्याच्या कडेला थांबवले जाण्याची गरज त्यालाच सर्वांत जास्त आहे.

श्वास तपासणे ही काही आजच्या यंत्रांची नवलाई नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत माइज (रजि.) यांचा प्रसंग आहे. ते स्वतः गुन्हा कबूल करण्यास आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते शुद्धीवर आहेत ना, याची खातरजमा केली. एका माणसाने उठून त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि शराबचा वास नसल्याचे आढळले. केवळ वासावर हद्द जारी होते की नाही, यावर इमामांमध्ये मतभेद आहेत, इमाम मालिक (रह.) होय म्हणतात, हनफी आणि शाफई फुकहा त्याला पुरेसा पुरावा मानत नाहीत. पण वास हे चौकशीचे कारण आहे, याविषयी कोणाला हरकत असण्याचे कारण नाही. आपल्या देशाचा कायदाही तोच क्रम पाळतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तरच गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शरियतमध्ये एक घोटही हराम आहे, हे वेगळे सांगायला नको; पण त्या एका घोटाचा हिशेब अल्लाहकडे आहे. तुमच्याआमच्यापुरता प्रश्न ही गाडी आत्ता थांबावी की थांबू नये, एवढाच आहे.

गीबतचा प्रश्नही येथेच सुटतो. 'रियाजुस्सालिहीन'मध्ये इमाम नववी (रह.) यांनी पाठीमागे बोलणे जायज ठरणारे सहा प्रसंग सांगितले आहेत. वाईट रोखण्यासाठी मदत मागणे आणि लोकांना अपायापासून सावध करणे हे त्यांतले दोन. मात्र ज्याला रोखण्याचे सामर्थ्य आहे, त्यालाच सांगावे. चहाच्या टपरीवर सांगितले तर ती गीबतच राहते. आजकाल लोक आधी चित्रफीत काढतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकतात आणि पोलिसांना कळवायचे विसरतात. गाडी थांबत नाही, अब्रू मात्र जाते. हे इस्लाहचे काम नव्हे.

तिसरी शंका कोणी मोठ्याने बोलत नाही, पण ती मला वारंवार ऐकू येते. 'आपलाच पोरगा पोलिसांच्या ताब्यात द्यायचा? आपल्या नावाच्या पोराचे तेथे काय होते ते मौलानांना ठाऊक नाही काय?' ठाऊक आहे. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. काही घरांनी ती भोगलेली आहे. म्हणूनच वेळ हाताशी असेल तर आधी बाकीचे दरवाजे वाजवा. चावी काढून घ्या. भाऊ अत्याचारी असो वा पीडित, त्याची मदत करा, आणि अत्याचारी भावाची मदत म्हणजे त्याचा हात रोखणे, हे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीने शिकवले आहे. त्याच्या वडिलांना, मालकाला, जमातीच्या वडीलधाऱ्यांना सांगा. ज्या भगिनी नवऱ्याच्या गाडीची चावी पिठाच्या डब्यात लपवतात आणि नंतर 'मी नाफरमानी तर केली नाही ना?' असे माझ्या पत्नीला विचारतात, त्यांना मी सांगतो की, निर्मात्याच्या अवज्ञेत कोणाही माणसाची आज्ञा पाळायची नसते. डबा बदलत राहा.

पण चाके फिरू लागली आणि तुमचा हात पोहोचत नसेल, तर ११२ क्रमांक लावा. सूरह अन-निसाची १३५वी आयत न्यायाची साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या आणि नातलगांच्या विरुद्ध गेली तरी द्यावयास सांगते. तेथे पोलीस चांगले असतील तरच, अशी अट नाही. त्या जीपमधल्या मुलांची नावेही आपल्यासारखीच आहेत, आणि नसती तरी हुकूम बदलला नसता. जुने वैर काढण्यासाठी कोणी खबर दिली, तर तो जुलूम आहे. कोणाविषयीच्या शत्रुत्वाने न्यायापासून ढळू नका, हे सूरह अल-माइदाच्या ८व्या आयतीत आले आहेच.

आणि खबर दिल्यावर हात झटकून मोकळे होता येत नाही. प्रेषितांच्या (स.) काळात शराबबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी लानत केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि त्या माणसाचे अल्लाह व त्याच्या रसूलवर प्रेम आहे, असे सांगितले. सहीह बुखारीतील हा प्रसंग आपल्या जमातींनी पुन्हा पुन्हा वाचावा.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी माझे पहिले उत्तर मागे घेतले. आम्ही तिघे त्या मुलाच्या घरी गेलो. त्याने तौबा केली, चावी धाकट्या भावाकडे दिली. महिनाभर गाडी भावाने चालवली. मग एका सकाळी तो पुन्हा जीपमध्ये बसलेला दिसला, तोच वास. हे गृहस्थ खिडकीशी गेले. त्याने काच वर केली आणि मुलांसह निघून गेला. यांनी तेथेच उभे राहून फोन केला. पुढच्या नाक्यावर जीप अडवली गेली आणि यंत्राने संशय खरा ठरवला. मुले दुसऱ्या गाडीने शाळेत पोहोचली.

त्या घराने यांच्याशी सलाम-दुआ बंद केली. जीप उभी होती तोपर्यंत जमातीच्या बैतुलमालमधून त्या घरी रेशन जात होते. त्यातला मोठा हिस्सा कोणाचा, हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही, आणि येथेही सांगत नाही. तो मुलगा आता जुमाला येतो. हे गृहस्थ पहिल्या सफमध्ये असतात, तो त्यांच्यापासून थोडे अंतर ठेवून उभा राहतो. मी तक्बीरपूर्वी मागे वळतो आणि दर जुमाला सांगतो तेच सांगतो : सफ सरळ करा, मधली जागा भरून काढा.