बँक हॉलिडेची सायकल सहल

प्रश्न : आम्ही मँचेस्टरला राहतो. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आठ वर्षांच्या मुलीला घेऊन सायकलने डबापार्टीला कुठे जावे?

उत्तर : डर्बीशायरमधली मॉन्सल ट्रेल निवडा. 1968 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची ही सुमारे साडेआठ मैलांची वाट आहे. आगगाडीसाठी बांधलेली, म्हणून चढ अगदी सौम्य, आणि मोटारी नाहीत. बेकवेलच्या बाजूने निघा. जाताना हलका चढ लागतो, परतताना दमलेल्या मुलीला उतार मिळतो. मात्र बेकवेलचा आठवडी बाजारही सोमवारीच. पार्किंग हवे तर सकाळी लवकर पोहोचा. सायकली भाड्याने घेणार असाल तर आधी नोंदवा.

वाटेतले बोगदे 2011 मध्ये खुले झाले. आतले दिवे फक्त दिवसा लागतात. ऑगस्टातही आत गारठा असतो, वरून पाणी ठिबकते. मुलीचे जाकीट हाताशी ठेवा. वाटेवर पादचारी आणि घोडेही असतात, त्यामुळे घंटी वाजवून, वेग कमी करूनच पुढे जा.

डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लोणचे उत्तम. सँडविचपेक्षा केव्हाही बरे! बार्बेक्यू मात्र नेऊ नका, तिथल्या माळांवर वणवे पेटतात.