मताचे स्वातंत्र्य आणि घराचे दार

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. पाचच दिवसांनी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने बंदविषयी फेसबुकवर मत लिहिले होते, दुसरीने ते पसंत केले होते. त्यांना लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले. मुलांच्या अश्लील चित्रणाविरुद्धचे कलम ६७ब मात्र कायम आहे, आणि ते योग्यच आहे. मत मांडणे वेगळे, बालकाची अब्रू लुटणे वेगळे.

सूरह अन्-नूरच्या ५८व्या आयतीनुसार लहान मुलांनीही फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीत आणि इशानंतर परवानगी घेऊनच आत यावे. मोठ्यांच्या एकांताला येथे मनाई नाही. मुलांची नजर जपली आहे. मोबाईललाही असेच दार हवे. इशानंतर तो आई-वडिलांच्या खोलीत राहावा. (वडिलांचाही!)

मात्र सूरह अल्-हुजुरात पाळत ठेवण्यास मनाई करते. म्हणून वयात आलेल्या मुलाचा मोबाईल चोरून तपासू नये, त्याच्याशी समोर बसून बोलावे. कोणी त्याला छायाचित्रावरून धमकावत असेल तर आधी रागावू नये. १०९८ या क्रमांकावर मदत मागावी.