पाण्याखालचा श्वास

माशाला पाण्यात श्वास घेता येतो, माणसाला येत नाही. म्हणून पूर्वी खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याला डोक्यावर धातूचे जड शिरस्त्राण चढवावे लागे आणि नावेवरील माणसे पंपाने लांब नळीतून जी हवा धाडीत, तिच्यावर विसंबावे लागे. गाईला दावे पुरेल तेवढेच फिरता येते. पाणबुड्याची स्थिती त्याहून वेगळी नव्हती.

फ्रान्सच्या आरमारातील झाक-ईव्ह कुस्तो या अधिकाऱ्याला हे दावे तोडावयाचे होते. प्रथम त्याने शुद्ध प्राणवायूचे उपकरण वापरून पाहिले. परंतु खोल पाण्यात शुद्ध प्राणवायूच विषासारखा बाधतो. सुमारे ४५ फुटांवर कुस्तोला झटके येऊ लागले. शुद्ध हरपण्यापूर्वी कमरेचे शिसे सोडून देता आले, म्हणूनच तो वाचला. इतके होऊनही त्याने समुद्राचा नाद सोडला नाही!

आता साधी हवाच बरोबर नेणे भाग होते. पण पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि श्वासाची हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची नसेल, तर छाती फुगत नाही. हा मेळ घडोघडी कोणी राखावा?

डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो पॅरिसला एमिल गान्यां या अभियंत्याकडे गेला. तेव्हा फ्रान्सवर जर्मनांचा अंमल होता व पेट्रोल दुर्मिळ झाले होते. मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून गान्यांने एक लहानशी स्वयंचलित झडप बनविली होती. तिच्यात फेरफार करून दोघांनी पाण्यासाठी नियामक तयार केला. त्यात डफाच्या कातड्यासारखा एक रबरी पडदा ताणलेला असे. पडद्याच्या एका बाजूस समुद्राचे पाणी, दुसऱ्या बाजूस श्वासाची हवा. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत खेचला जाई, तरफ हले, झडप उघडे आणि पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळे. श्वास थांबला की झडप आपोआप बंद!

१९४३ च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, पॅरिसजवळ मार्न नदीच्या थंडगार पाण्यात कुस्तो उतरला. आडवा पोहताना श्वास उत्तम चालला. मात्र तो उभा राहताच हवा भसाभसा वाहून वाया जाऊ लागली, आणि डोके खाली करताच श्वास घेणे कठीण झाले. दोघेही हिरमुसले, पण परतताना विचार करता करता कारण सापडले. उभे राहिल्यावर उच्छ्वास सोडणारी झडप हवा देणाऱ्या पडद्यापेक्षा सुमारे सहा इंच वर येत होती. वरच्या पाण्याचा दाब कमी, म्हणून हवा तिकडे धावे. डोके खाली केले की नेमके उलटे होई. केवळ सहा इंचांचा हा फरक! उपाय सोपा होता : दोन्ही झडपा एकमेकींजवळ ठेवणे. पण नियामक होता पाठीवर. तेव्हा एका नळीने हवा तोंडापर्यंत आणावी आणि दुसरीने उच्छ्वास मागे न्यावा, अशी योजना झाली. दोन नळ्यांचे ते प्रसिद्ध उपकरण असे सिद्ध झाले.

जून १९४३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदोल येथे ते लाकडी खोक्यातून आले. गजराच्या घड्याळाएवढा नियामक, हवेच्या नळकांड्या, दोन नळ्या. सारे मिळून सुमारे ५० पौंडांचे ओझे. इटालियन सैनिकांच्या नजरेस पडू नये म्हणून कुस्तो आणि त्याचे मित्र एका आडबाजूच्या खाडीत गेले. पत्नी सिमोन पाण्याच्या पृष्ठावर तरंगत खाली लक्ष ठेवून होती. तिने खूण करताच बुडी मारावयास फ्रेदेरिक द्युमा किनाऱ्यावर सज्ज होता.

कुस्तो उतरला. पाण्यात ते ओझे हलके झाले. तो उभा राहिला, कुशीवर वळला, कोलांट्याही मारल्या. श्वास अडखळला नाही. अखेरीस तो एका अंधाऱ्या गुहेत शिरला. तिच्या छताला शेवंडे चिकटून बसली होती! ती हलकेच सोडवून त्याने वर सिमोनकडे पोहोचविली. युद्धकाळी अन्नाची टंचाई होती; त्यामुळे या शोधाचे पहिले फळ थेट ताटात पडले.

पुढे, एकाच नळीची आणि तोंडापाशीच दुसरा नियामक असलेली सुटसुटीत उपकरणे प्रचारात आली व दोन नळ्यांची मागे पडली. तरीही काही हौशी पाणबुडे जुनी उपकरणे दुरुस्त करून आजही वापरतात. उच्छ्वासाचे बुडबुडे डोक्यामागून निघत असल्याने डोळ्यांपुढचे पाणी स्वच्छ राहते, हे त्यांना विशेष आवडते. मात्र असा पाणबुडा पाण्यात उताणा झाला, की पाठीवरचा नियामक तोंडाच्या खाली जातो आणि न मागताच हवा तोंडात घुसू लागते. मार्न नदीतील ती खोड पुरती गेलेली नाही.