मॉडेलच्या आधी एक्स-रे बघ

चि. छोटी,

पीएचडीचा विषय ठरल्याचं ताईकडून कळलं. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोग ओळखायचा आणि तोही एआयच्या मदतीने. मॉडेल कुठलं घ्यावं, हा तुझा प्रश्न. ते पुढे बघू. आधी तुझ्याच विषयाला खेटून असलेला एक किस्सा ऐक.

२०२० मध्ये कोविड आला आणि जगभरचे संशोधक एक्स-रे, सीटी स्कॅनवरून तो ओळखणारी मॉडेलं बनवायला धावले. केंब्रिजच्या एका गटाने त्या वर्षीच्या जानेवारी ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे २,२१२ अभ्यास गोळा केले. चाळणी लावता लावता ६२ उरले. दवाखान्यात वापरावा असा त्यांतला एकही निघाला नाही.

घोळ गणितात कमी आणि चित्रांत जास्त होता. काहींनी 'कोविड नाही' या गटात चीनमधल्या ग्वांगझूच्या बालरुग्णांचे एक्स-रे घेतले होते, वय एक ते पाच वर्षं. कोविडचे रुग्ण मोठी माणसं. मग मॉडेल कोविड कशाला शिकेल? लहान बरगड्या कुठल्या नि मोठ्या कुठल्या, एवढं शिकलं तरी काम भागतं! अत्यवस्थ रुग्णाचा एक्स-रे झोपवून काढतात, बऱ्यापैकी असलेल्याचा उभं करून. यंत्राला तोही धागा पुरतो. फिल्मच्या कोपऱ्यातलं अक्षरसुद्धा पुरतं.

दुसरी भानगड म्हणजे चक्क पेपरफुटी. एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे असतात, एक सरावात जातो, दुसरा परीक्षेत. निकाल झकास लागणारच. प्रिन्स्टनच्या कपूर आणि नारायणन यांनी २०२३ मध्ये दाखवलं, की अशा गळतीचा फटका १७ शाखांतल्या २९४ निबंधांना बसला होता. म्हणून तुझी विभागणी रुग्णानुसार कर, चित्रांनुसार नको. आणि शेवटची तपासणी दुसऱ्याच रुग्णालयाच्या चित्रांवर कर. आकडे घसरतील. घसरलेलेच छाप.

यावरून यंत्र टाकाऊ ठरवू नकोस. प्रथिनांची घडण वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डबद्दल हसाबिस आणि जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही डेव्हिड बेकर यांच्या जोडीने. पण अल्फाफोल्ड शिकलं कशावर? १९७१ पासून प्रयोगशाळांनी एकेक करून मोजलेल्या आणि प्रोटीन डेटा बँकेत सर्वांसाठी ठेवलेल्या लाखाहून अधिक रचनांवर. त्या मोजणाऱ्यांची नावं फारशी कोणी घेत नाही. शिवाय अल्फाफोल्ड आपल्या उत्तराच्या प्रत्येक तुकड्याला शंभरपैकी गुण देतं. भरवशाचा भाग गडद निळा, पन्नासच्या खालचा नारिंगी. इतका प्रामाणिकपणा माणसांच्या निबंधांतही क्वचितच दिसतो.

चॅटबॉटकडे हे रंग नाहीत. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कोट्यवधी शोधनिबंध वाचलेलं गॅलॅक्टिका हे भाषा-मॉडेल खुलं केलं आणि तीन दिवसांत मागे घेतलं, कारण ते खोटे संदर्भही तितक्याच ठसक्यात देत होतं. भाषा सुधारायला, कोडमधली चूक शोधायला असली साधनं खुशाल वापर. संदर्भ मात्र मूळ निबंध उघडून, वाचून मगच घाल.

सध्या एवढंच कर: तुझ्या संचातली शंभरेक चित्रं उपस आणि एखाद्या रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून बघ. कुठल्या यंत्रावर काढली, रुग्ण उभा होता की झोपलेला, निदान थुंकीच्या तपासणीवरून झालं की नुसत्या नजरेने, याचे रकाने वहीत आख. गणपतीत येशील तेव्हा ती वही घेऊन ये. मॉडेलचं तेव्हा बोलू.

तुझा,
मामा