आयेल्ट्सचे व्याकरण आणि आपले 'पर्यंत'

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांची मुले इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करीत आहेत. माझा पुतण्याही त्यांपैकीच. त्याने महिनाभरात पुस्तकातील व्याकरणाचे तीनशे प्रश्न सोडविले. रिकाम्या जागा भरा, चारांतून एक निवडा. गुण उत्तम पडले. पण दहा ओळींचे पत्र स्वतः लिहायला बसला तर चुका जुन्याच!

मुळात या परीक्षेत व्याकरणाचा वेगळा पेपर नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग असतात. लिहिणे व बोलणे चार कसोट्यांवर तपासतात, त्यांतील एक व्याकरणाची, वजन २५ टक्के. टोफेलच्या जुन्या कागदी परीक्षेत चूक ओळखण्याचे प्रश्न असत. २००५ साली इंटरनेटवरची टोफेल सुरू झाली, तिच्यात ते राहिले नाहीत. म्हणजे नुसती खूण करून भागत नाही, वाक्य स्वतः बांधावे लागते. आणि बांधताना आपली बोली मध्ये येते.

माझी तालीम उर्दू शाळेत झाली, दुकानात मराठी चालते. उर्दूत 'तक', मराठीत 'पर्यंत'. दोन्हीकडे एकच शब्द दोन कामे करतो. इंग्रजीत त्यांची दोन दुकाने आहेत. मी एकदा परप्रांतातील पार्टीला लिहिले, 'सेंड द गुड्स अनटिल टेन्थ जून'. त्यांचा फोन आला, रोज किती गाठी पाठवायच्या? 'अनटिल' म्हणजे तोवर काम चालू ठेवा. मला म्हणायचे होते की दहा तारखेच्या आत माल पोचवा. तिथे 'बाय' हवा होता. चूक माझीच.

दुसरी चूक 'पासून'ची. 'दहा वर्षांपासून काम करतो' याचे आपण 'आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टेन इयर्स' करतो. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टेन इयर्स'. किती काळ, हे सांगायचे तर 'फॉर'. कोणत्या सालापासून, तर 'सिन्स'.

तिसरी तर आपल्या धंद्यातलीच. बोलण्याच्या परीक्षेत घर-कुटुंबाची, कामधंद्याची विचारपूस होते. कापडाचे ठाण विकणाऱ्याचा मुलगा 'क्लोद्स' म्हणाला तर बाप रेडिमेडवाला ठरतो, आणि 'क्लॉथ्स' म्हणाला तर फडकी विकणारा. कापड म्हणजे 'क्लॉथ', एकवचनी.

पुतण्याला मी उधारीच्या वहीसारखी एक वही करून दिली. चुकलेला प्रश्न डावीकडे, आपल्या भाषेतले कारण उजवीकडे, खाली दुकानातले स्वतःचे एक वाक्य. बरोबर आलेल्या प्रश्नांची नोंदच नाही. वसुलीला अकोल्याला जाताना तो सोबत असला की बडनेऱ्यापासून मी ती वही उघडतो. मूर्तिजापूर येईपर्यंत तो वैतागतो, पण वाक्ये जिभेवर बसू लागली आहेत.

घरी करून पाहा: 'माय ब्रदर इज रनिंग अ शॉप इन अकोला सिन्स १९९८', 'प्लीज पे द बिल टिल मंडे', 'वुई डिस्कस्ड अबाउट द रेट'. पहिल्यात 'हॅज बीन रनिंग', दुसऱ्यात 'बाय मंडे', तिसऱ्यातला 'अबाउट' काढून टाका.