कांदा चाळीतील हवेचे नियोजन

उन्हाळी कांद्याची काढणी एप्रिल-मे महिन्यांत होते आणि त्यानंतर चार-पाच महिने तो चाळीत साठवून ठेवण्याची प्रथा नाशिक, पुणे, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांत सर्वत्र आढळते. काढणीच्या वेळी बाजारात आवक फार असल्यामुळे पुढे बरा भाव मिळेल या आशेने शेतकरी माल राखून ठेवतो. परंतु साठविलेला कांदा वजनाने घटला, सडला किंवा त्यास कोंब फुटले, तर वाढलेल्या भावाचा लाभ हातून निसटतो. पंचवीस टनांच्या, म्हणजे अडीचशे क्विंटलांच्या चाळीत शेकडा एक इतकी नासाडी झाली तरी अडीच क्विंटल माल जातो. ही नासाडी शेकडा वीसपर्यंत गेली तर पन्नास क्विंटल कांदा उकिरड्यावर जाईल. याकरिता चाळ बांधणे जितके अगत्याचे आहे, तितकेच तिच्यातील हवेचे नियोजन समजून घेणेही अगत्याचे आहे.

कांद्यास हवा कशासाठी हवी?

काढणीनंतरही कांदा सजीव असतो. तो श्वसन करतो आणि त्या क्रियेत उष्णता व पाण्याची वाफ बाहेर टाकतो. ढिगाच्या मध्यभागी ही ऊब व दमट हवा कोंडली गेल्यास बुरशी व जिवाणू यांस पोषक परिस्थिती निर्माण होते आणि एका सडक्या कांद्यापासून भोवतालचे कांदे नासू लागतात. साध्या चाळीत २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता कांद्यास मानवते. आर्द्रता याहून फार वाढली तर सड व मुळे फुटणे सुरू होते. फार घटली तर वजन कमी होते व पापुद्रे गळून पडतात. तापमान १० ते २० अंशांच्या दरम्यान राहिल्यास कोंब लवकर फुटतात. तात्पर्य, चाळीत वारा भरपूर आला म्हणजे काम झाले असे नसून, योग्य वेळी योग्य हवा ढिगाच्या प्रत्येक भागातून गेली पाहिजे.

नैसर्गिक वाऱ्यावर चालणारी चाळ

हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते, हे तत्त्व प्रथम ध्यानात घ्यावे. चाळीची सर्व मापे याच तत्त्वावर ठरलेली आहेत. कप्प्याची आतील रुंदी सुमारे चार फूट (१.२ मीटर) आणि ढिगाची उंची पाच फूट (१.५ मीटर) यांपेक्षा अधिक ठेवू नये. रुंदी वाढली की मधल्या कांद्यापर्यंत वारा पोहोचत नाही. उंची वाढली की तळच्या कांद्यावर भार येऊन तो दबतो व फटी बुजतात. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच असावा व त्यातील पट्ट्यांमध्ये फटी असाव्यात, म्हणजे खालून शिरलेली हवा ढिगातून वर चढते. उबदार हवा हलकी असल्याने ती छपराकडे जाते. तिला बाहेर पडण्यास छपराखाली अथवा आढ्याजवळ वाट न ठेवल्यास तळातील फटींचा उपयोग निम्माही होत नाही.

एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी. त्यामुळे पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूवर येऊन अरुंद ढिगातून आरपार जातो. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी, म्हणजे दोन ओळींमधील वाटेतून वारा वाहतो. चाळीलगत उंच गवत, कडब्याची गंजी किंवा भिंत असू नये. पाणी साचणारी सखल जागा टाळावी. कारण तळाखालून शिरणारी हवा ओल्या जमिनीवरून आली तर ती दमट होऊनच आत येते.

ढिगातील फटी मोकळ्या राहणे हे कांदा भरण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. माती, सुकलेली पात व सुटे पापुद्रे यांसह भरलेल्या ढिगात वारा शिरत नाही. म्हणून कांदा शेतात पातीसह सुकवून, मानेजवळ एक ते दीड इंच ठेवून पात कापावी, सावलीत दहा-बारा दिवस वाळवावा आणि जोड, चिंगळी, डेंगळे व इजा झालेले कांदे निवडून दूर करावेत. साठवणीकरिता एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती यांसारख्या टिकाऊ वाणांचा रब्बी कांदाच घ्यावा. यांपैकी भीमा वाण राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने विकसित केले आहेत.

रिकामा कप्पा आणि वाऱ्याची पळवाट

शेतकरी सगळा माल एकदम विकत नाही. एक कप्पा आषाढात, दुसरा श्रावणात, असा तो उघडला जातो. येथेच एक दोष पुष्कळदा नजरेतून सुटतो. चाळीच्या तळाखालील पोकळी सर्व कप्प्यांना मिळून एकच असते. एक कप्पा रिकामा झाला की तेथे अडथळा उरत नाही आणि तळाखाली आलेली हवा भरलेल्या ढिगातून न जाता रिकाम्या कप्प्यातून सरळ वर निघून जाते. शेजारच्या कप्प्यांतील कांदा कालपर्यंत चांगला असून आठ-पंधरा दिवसांत घाम धरू लागतो, आणि दोष मात्र वाणाला दिला जातो.

यावर उपाय सोपा आहे. कप्पा रिकामा करताच त्याचा तळ फळ्यांनी किंवा जाड गोणपाटाने झाकावा. नवी चाळ बांधणाऱ्याने तळाखालीही कप्प्याकप्प्यांमध्ये आडभिंत घालावी, म्हणजे प्रत्येक कप्प्यास स्वतंत्र हवा मिळेल.

पंख्याची जोड देताना

ज्या भागात पावसाळी वारा मंद असतो किंवा साठवण मोठी असते, तेथे विजेच्या पंख्याने तळातून हवा लोटण्याची व्यवस्था करता येते. पंखा आणून बसविला म्हणजे सर्व कप्प्यांना सारखी हवा मिळेल, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यासाठी हवेच्या नळीचे माप हिशेबाने ठरवावे लागते.

उदाहरणादाखल दोन पाखी, चाळीस फूट (१२ मीटर) लांबीची चाळ घेऊ. दोन्ही ओळींत मिळून सुमारे ४३ घनमीटर जागा होते व तीत सुमारे २५ टन कांदा मावतो. प्रत्येक ओळीचे दोन याप्रमाणे चार कप्पे केले, तर एका कप्प्यात सुमारे सहा टन माल येईल. हिशेबासाठी दर टनास ताशी १०० घनमीटर हवा धरल्यास एका कप्प्यास ताशी ६०० आणि चारही कप्प्यांस ताशी २,४०० घनमीटर हवा लागेल.

मुख्य नळीत हवेचा वेग सेकंदास ५ मीटरपेक्षा अधिक नसावा. ताशी २,४०० घनमीटर म्हणजे सेकंदास सुमारे ०.६७ घनमीटर. यास ५ ने भागले असता नळीच्या छेदाचे क्षेत्र ०.१३ चौरस मीटर येते. म्हणजे नळी सुमारे ३७ सेंटीमीटर उंच व ३६ सेंटीमीटर रुंद हवी. पहिल्या दोन कप्प्यांच्या शाखा फुटल्यानंतर नळीत निम्मीच हवा उरते. तेथून पुढे उंची तीच ठेवून रुंदी १८ सेंटीमीटर करावी, म्हणजे वेग कायम राहील व पत्राही वाचेल. प्रत्येक शाखेत वेग ४ मीटर धरल्यास ती सुमारे २१ सेंटीमीटर चौरस असावी.

खर्च वाचविण्यासाठी नळी लहान करण्याचा मोह टाळावा. उंची व रुंदी दोन्ही निम्म्या केल्यास क्षेत्र चौथाई होते. तितकीच हवा न्यावयाची तर वेग चौपट व्हावा लागतो आणि हवेला होणारा विरोध किमान सोळापट वाढतो. साधा पंखा इतका विरोध सोसू शकत नाही. तो आवाज करीत फिरतो, वीज खातो, परंतु ढिगात हवा जात नाही. त्याचप्रमाणे काटकोनातील तीव्र वळणे टाळून गोलाकार वळणे द्यावीत आणि सांधे घट्ट बसवावेत.

शाखेतून आलेली हवा कप्प्याच्या तळाखालील बंदिस्त पोकळीत सोडावी, म्हणजे ती पसरून सर्व फटींतून सारखी वर चढते. तोंडासमोर एक आडवी फळी ठेवावी, नाहीतर हवेचा झोत एकाच ठिकाणी लागून तेथील कांदा अधिक सुकेल. पोकळीऐवजी भोकांची नळी वापरल्यास सर्व भोकांचे एकूण क्षेत्र नळीच्या छेदाच्या क्षेत्रापेक्षा अधिक नसावे. अन्यथा काही भोकांतून भरपूर, तर काहींतून नाममात्र हवा येते.

पंखा चालू असताना कप्प्याच्या बाजूंचा खालचा भाग ताडपत्रीने झाकावा. बाजूच्या फटी उघड्या राहिल्यास हवा ढिगाच्या माथ्यापर्यंत न चढता खालूनच बाहेर पडते. पंखा बंद करताच ताडपत्री गुंडाळून वर बांधावी व नैसर्गिक वाऱ्यास वाट द्यावी.

झडपा व त्यांचा वापर

प्रत्येक शाखेस एक झडप असावी. त्यामुळे ज्या कप्प्यात ऊब वाढली असेल तेथे अधिक हवा वळविता येते आणि रिकामा कप्पा पूर्ण बंद करता येतो. परंतु चारांपैकी तीन झडपा बंद करून मोठा पंखा चालू ठेवू नये. एका शाखेतून सगळी हवा जाऊ शकत नाही. नळीतील दाब वाढतो, सांध्यांतून हवा गळू लागते व उघड्या कप्प्यातील कांदा फाजील सुकतो. यासाठी मुख्य नळीवर जादा हवा बाहेर सोडणारी एक झडप ठेवावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एका मोठ्या पंख्याऐवजी ताशी १,२०० घनमीटरचे दोन पंखे दोन स्वतंत्र नळ्यांवर बसविणे. निम्मी चाळ रिकामी झाली की एक पंखा थांबविता येतो आणि एखादा बिघडला तरी सर्व माल धोक्यात येत नाही.

पंखा केव्हा चालवावा?

उन्हाळ्यात दुपारची हवा अतिशय तप्त असते. त्या वेळी पंखा बंद ठेवून तो रात्री व पहाटे चालवावा. पावसाळ्यात याच्या उलट करावे. पाऊस चालू असता किंवा धुके असता हवा आत लोटू नये. उघडीप असताना दुपारच्या सुमारास, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते तेव्हा पंखा चालवावा. बाहेरची हवा उबदार व दमट आणि कांदा मात्र थंड असेल, तर कांद्यावर दव धरते. अशा वेळी पंखा चालविणे म्हणजे हाताने सड लावून घेणे होय.

सलग झडीच्या दिवसांत हवा किंचित तापवून आत सोडणे उपयुक्त ठरते. २५ अंश तापमानाची व ९० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापविली असता तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर येते, म्हणजे ती कांद्यास मानवेल अशी होते. याहून अधिक तापविण्याचे कारण नाही. चाळीत शेगडी किंवा चूल मात्र कदापि पेटवू नये; तिच्यापासून धूर, ओलावा व आगीचे भय हे तिन्ही उद्भवतात.

तपासणीच्या सोप्या रीती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील तपासण्या शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवाव्यात.

१. ढिगाच्या माथ्यावर पातळ कागदाची पट्टी निरनिराळ्या जागी धरावी. पंखा चालू असताना ती जेथे हलत नाही, तेथे हवा पोहोचत नाही असे समजावे.

२. रिकाम्या जागेत, तळाच्या फटीजवळ उदबत्तीचा धूर धरून हवेची दिशा पाहावी. विस्तव कांद्याच्या पातीपासून व ताडपत्रीपासून दूर ठेवावा.

३. भरताना प्रत्येक कप्प्याच्या मध्यभागी एक पोकळ नळी उभी ठेवावी. तीत दोरीने तापमापक सोडून आठवड्यातून दोनदा नोंद करावी. एका कप्प्याचे तापमान इतरांपेक्षा दोन-तीन अंशांनी अधिक आढळल्यास तो कप्पा प्रथम तपासावा आणि सड आढळल्यास तोच प्रथम विक्रीस काढावा.

४. भरताना व काढताना प्रत्येक कप्प्याचे वजन वेगवेगळे लिहून ठेवावे. घट कोठे व किती झाली हे यावरूनच कळते आणि पुढील वर्षी कोणती दुरुस्ती करावयाची ते ठरविता येते.

ज्यांच्याकडे पंखा नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. योग्य रुंदी व उंची, स्वच्छ निवडलेला माल, तळाखाली आडभिंत आणि रिकामा झालेला कप्पा वेळीच झाकणे, एवढ्या गोष्टी कोणत्याही चाळीत अल्प खर्चात करता येतात. पंख्याचा विचार त्यानंतर करावा. कारण सदोष चाळीस पंखा बसविल्याने दोष झाकला जात नाही, केवळ विजेचे देयक वाढते. मृगापूर्वी एकदा प्रत्येकाने आपल्या चाळीची या दृष्टीने पाहणी करावी, अशी शिफारस आहे.