लॅपटॉप कंपनीचा, कर माझ्या माथी

कंपनीच्या लॅपटॉपवर घरचं काम केलं म्हणून आयकर बसतो, असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. मला ते आमच्या पगार विभागानेच सांगितलं होतं, तेही छापील तक्त्यानिशी. नुसतं सांगितलं नाही, माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या पगारातून तसा कर कापलाही. तो परत मिळवताना जे समजलं ते नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. लॅपटॉप कंपनीचा आहे आणि तो घरी न्यायची मुभा आहे. मुलाचा दहावीचा प्रकल्प, विजेचं बिल, रेल्वेचं आरक्षण, जर्मनीतल्या भावाशी रविवारचं बोलणं, सगळं त्याच यंत्रावर होतं. माफक खासगी वापराला हरकत नाही, असं कंपनीच्या धोरणातच लिहिलं आहे. एका वर्षी डिसेंबरात, गुंतवणुकीचे पुरावे मागतात त्या सुमारास, एक नवा फॉर्म आला. प्रश्न एकच होता: कंपनीचा संगणक तुम्ही खासगी कामासाठी वापरता का? मी ‘हो’ लिहिलं, कारण ते खरं होतं. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी ‘नाही’ लिहिलं. वापरत तेही होतेच. जानेवारीत माझा टीडीएस वाढला, त्यांचा जागच्या जागी राहिला.

हातात येणारा पगार एका रुपयानेही वाढलेला नव्हता, तरी करपात्र उत्पन्न वाढलं होतं. पर्क्विझिटचं असंच असतं. मालक पगाराखेरीज जी सोय देतो, तिची रुपयांत किंमत ठरवून ती पगारात मिळवायची, असं आयकर कायदा सांगतो. पैसे न येता नुसता कर वाढतो, त्यामुळे पे-स्लिप वरवर पाहणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाही. माझ्या लॅपटॉपची खरेदीची किंमत ९०,००० रुपये. तिचे १० टक्के, म्हणजे ९,००० रुपये माझ्या वर्षाच्या पगारात मिळवले होते. ३० टक्क्यांचा टप्पा आणि वर ४ टक्के उपकर धरून कर झाला २,८०८ रुपये. रक्कम फार मोठी नाही, हे खरं. पण खरं उत्तर देणाऱ्याने भरायचे आणि खोटं लिहिणाऱ्याने वाचवायचे, हे मला पटेना.

मी हिशेब लेखी मागितला. उत्तर आलं: मालकाच्या मालकीची जंगम मालमत्ता कर्मचाऱ्याने वापरली, तर मूळ किमतीच्या वार्षिक १० टक्के मूल्य धरायचं. नियम खोटा नव्हता. १९६२ च्या आयकर नियमांत, नियम ३ च्या सातव्या उपनियमात, सातव्या खंडात तो आहे. मात्र तो खंड अख्खा वाचला की त्याच वाक्यात लॅपटॉप आणि संगणक वगळलेले दिसतात. कंपनीने घरी वापरायला फ्रिज दिला, सोफा दिला, एसी दिला, तर १० टक्क्यांचा हिशेब लागतो. लॅपटॉप किंवा संगणक दिला, तर वापराचं मूल्य शून्य. मग त्यावर कार्यालयाचं काम करा, मुलाचा अभ्यास घ्या किंवा सिनेमा पाहा. नवी करप्रणाली निवडली म्हणूनही यात फरक पडत नाही, कारण ही वजावट नाही, मूल्य मोजण्याची रीतच तशी आहे.

आमच्याकडे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीच्या सगळ्या वस्तू ‘जंगम मालमत्ता’ या एकाच रकान्यात टाकल्या होत्या. फ्रिजला लागणारा नियम त्यामुळे लॅपटॉपलाही लागला. नियमाची प्रत जोडून मी पत्र दिलं, पोच घेतली. मार्चच्या पगारात जादा कापलेला कर वळता झाला. आमच्यातले काही जण तोवर नोकरी सोडून गेले होते. त्यांच्यासाठी कंपनीला टीडीएसचं दुरुस्ती विवरण भरावं लागलं आणि फॉर्म १६ नव्याने द्यावा लागला.

त्या ‘हो की नाही’च्या फॉर्मबद्दल मला अजून राग आहे. शून्य मूल्याच्या गोष्टीसाठी असं स्वयंघोषणापत्र घ्यायची काही गरजच नव्हती. करापायी कोणी त्यावर खोटं ‘नाही’ लिहिलं, तर त्याच्या सहीचा खोटा कागद कायमचा कंपनीच्या दप्तरी राहतो आणि उद्या शिस्तभंगाची चौकशी निघाली की तोच पुढे येतो. करासाठी खोटं लिहू नका. इथे तर करच नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: खासगी वापराला आयकराची आडकाठी नाही, म्हणून कंपनीची परवानगी आहे असं होत नाही. ती कंपनीच्या धोरणात वेगळी पाहावी लागते.

आता खरा कर कुठे बसतो ते सांगते. लॅपटॉप जोवर कंपनीच्या मालकीचा आहे तोवर काही नाही. तो तुमच्या मालकीचा झाला की लगेच गणित सुरू होतं. नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना कंपनी जुना लॅपटॉप फुकट देते किंवा नाममात्र पैशांत विकते. याची रीत त्याच उपनियमाच्या आठव्या खंडात आहे. मूळ किमतीतून, वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी, उरलेल्या किमतीच्या ५० टक्के घट धरायची. समजा लॅपटॉप ८०,००० रुपयांचा होता. एका पूर्ण वर्षानंतर ४०,०००, दोन वर्षांनंतर २०,०००, तीन वर्षांनंतर १०,०००. दोन वर्षांनी तो तुम्ही ५,००० रुपये देऊन घेतला, तर उरलेले १५,००० तुमच्या पगारात मिळतात.

यातला ‘पूर्ण’ हा शब्द फार महागात पडू शकतो. लॅपटॉप वापरात येऊन एक वर्ष अकरा महिने झाले असतील, तर घट एकाच वर्षाची मिळते आणि मूल्य ४०,००० धरलं जातं. एक महिना थांबलात, तर ते २०,००० वर येतं. आणखी एक गोष्ट अशी, की वर्षं मोजायची ती कंपनीने यंत्र वापरात आणलं तेव्हापासून, तुमच्या हाती आलं तेव्हापासून नाही. आधी दुसऱ्या कोणी वापरलेला लॅपटॉप तुम्हाला मिळाला असेल, तर ती पूर्ण वर्षंही धरायला सांगा.

आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निवृत्तीच्या वेळी पगार विभागाने ही रीत न लावता हिशेबाच्या वह्यांतली शिल्लक किंमत धरली. कंपनी कायद्याप्रमाणे लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षांचं धरून, थोडी भंगार किंमत बाजूला ठेवून, दरवर्षी सारखी घट काढतात, त्यामुळे ८०,००० च्या यंत्राची दोन वर्षांनंतरची वह्यांतली किंमत २९,००० च्या वर राहते. नियमाने ती २०,००० व्हायला हवी. त्यांना हे आम्ही दाखवलं म्हणून कळलं, एरवी फुल अँड फायनलच्या कागदावर त्यांची सही झालीच असती.

आणखी एक सापळा बिलाच्या नावात आहे. ‘तुम्हीच लॅपटॉप घ्या, बिल द्या, पैसे देतो’ असं काही कंपन्या सांगतात, घरून काम सुरू झाल्यापासून तर जास्तच. बिल तुमच्या नावावर असेल आणि वस्तू तुमचीच राहणार असेल, तर कंपनी जे पैसे देते ते तुमचं उत्पन्न धरलं जाण्याची पुरी शक्यता असते. शून्य मूल्याची सोय कंपनीच्या मालकीच्या यंत्राला आहे. शक्य असेल तर खरेदी कंपनीच्या नावावर करायला सांगा, आणि यंत्र वापरासाठी दिल्याची नोंद ठेवायला लावा.

परदेशात गेलेल्या आपल्या मुलामुलींनीही हे समजून घ्यावं, कारण प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. जर्मनीत २००० साली कार्यालयातल्या इंटरनेटच्या खासगी वापरावर कर लावायचं अर्थखात्याच्या मनात होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला, की कंपनीच्या संगणकाचा आणि दूरध्वनीचा खासगी वापर करमुक्त करणारा कायदाच आला, तोही १ जानेवारी २००० पासून मागे नेऊन लागू झाला. ब्रिटनमध्ये घरी वापरायला दिलेल्या संगणकाचा वर्षाला ५०० पौंडांपर्यंतचा लाभ १९९९ पासून करमुक्त होता. ती सवलत एप्रिल २००६ मध्ये काढून घेतली. संगणक कामासाठीच दिला असेल आणि खासगी वापर किरकोळ असेल, तर मात्र तिथेही कर नाही. ऑस्ट्रेलियात अशा सोयींवरचा कर कर्मचारी भरत नाही, मालक भरतो. तेव्हा इकडचा नियम तिकडे सांगू नका आणि तिकडचा इकडे ऐकू नका.

पगारदार माणसाने करायचं ते इतकंच. जानेवारीच्या पे-स्लिपमध्ये टीडीएस अचानक वाढला, तर त्याचा हिशेब लेखी मागा. फॉर्म १६ बरोबर पर्क्विझिटचा तपशील देणारा १२ बीए हा फॉर्मही मिळतो, तो न वाचता फायलीत लावू नका. त्यात जंगम मालमत्तेच्या वापराची एक ओळ आहे आणि मालमत्ता नावावर केल्याची दुसरी. पहिल्या ओळीत लॅपटॉपपोटी आकडा दिसला, तर तो चूक आहे. दुसऱ्या ओळीतला आकडा ५० टक्क्यांच्या रीतीने स्वतः मांडून पाहा. कंपनीने दुरुस्ती केलीच नाही, तर स्वतःच्या विवरणपत्रात योग्य पगार दाखवून परतावा मागता येतो. पण फॉर्म १६ मधला आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही म्हणून विचारणा होऊ शकते. त्यासाठी खरेदीच्या बिलाची प्रत, लॅपटॉप दिल्याचं पत्र आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी वर दिलेले क्रमांक जुन्या कायद्याखालच्या वर्षांचे आहेत. त्यापुढच्या वर्षाबद्दल पत्र लिहिताना नवा क्रमांक पाहूनच लिहा, नाहीतर पगार विभाग तेवढ्यावरून अर्ज परत करील. आणि जे काही विचारायचं ते मार्चचा पगार निघण्याआधी विचारा, कारण तोवर दुरुस्ती त्याच वर्षाच्या पगारात होते.